बाईंचा कुणगा

कदमबाई माती हुंगायच्या. चिमूटभर माती तळहातावर चोळून, डोळे मिटून नाकाशी नेत आणि ती कशाने नासली असेल याचा अंदाज सांगत. खेडच्या कॉलेजात त्या सूक्ष्मजीवशास्त्र शिकवत, मी भौतिकशास्त्र. अठ्ठ्याण्णव सालच्या उन्हाळ्यात त्या माझ्याकडे आल्या. "मातीत वीज सोडायची आहे. अगदी थोडी. मदत कराल?"

माती त्यांच्या माहेरची होती. वरच्या अंगाला कारखाना आला आणि त्याचं तेलकट पाणी पऱ्याने, त्या लहानशा ओढ्याने, वाहत त्यांच्या थोरल्या भावाच्या, दादांच्या, कुणग्यात म्हणजे भाताच्या खाचरात शिरलं. तेव्हापासून रोपं लावली की पिवळी पडत. तरीही दादा दर पावसाळ्यात कुणगा नांगरत, लावणी करत. कुणी विचारलं तर म्हणत, "नांगरली नाय तर तिला वाटंल, आपण तिला टाकली." हे सांगताना बाई हसत.

बाईंचं म्हणणं साधं होतं. तेल खाणारे जिवाणू त्या चिखलातच आहेत, पण चिकण मातीत त्यांच्यापर्यंत खतपाणी पोचत नाही. वीज ते पोचवते. कुणग्याच्या एका कोपऱ्यात आम्ही कार्बनच्या कांड्या रोवल्या, मोटारीची बॅटरी जोडली. एका बाजूची माती आंबट होऊ लागे, म्हणून तारा अधूनमधून उलट जोडायच्या. दुसऱ्या पावसाळ्यात तेवढ्या कोपऱ्यातलं भात हिरवं राहिलं, लोंब्या धरल्या. दादा बांधावर उकिडवे बसून नुसते बघत असत.

नव्या तांदळाचा भात खायची त्यांना फार इच्छा होती. बाईंनी नाही म्हटलं. तेल गेलं असलं तरी आणखी काय उरलंय ते तपासायला हवं होतं. दादांनी हट्ट केला नाही. तांदूळ मडक्यात ठेवून दिले. मुंबईच्या प्रयोगशाळेतली तपासणी लांबत गेली आणि थंडीत दादा छातीच्या दुखण्याने गेले.

दहाव्याला पिंडासाठी बाईंनी त्याच मडक्यातले तांदूळ काढून दिले. मी चमकून पाहिलं.

"आता त्याला काय बाधणार आहे?" त्या म्हणाल्या.

नदीकाठी कावळा शिवेना. पिंड देणाऱ्या दादांच्या पुतण्याने सगळी वचनं देऊन पाहिली. शेवटी असलं काही न मानणाऱ्या बाई पुढे झाल्या, हात जोडून म्हणाल्या, "दादा, उरलेला कुणगा मी करते." कावळा उतरला, घास घेऊन उडाला. सगळ्यांना हायसं वाटलं. बाई मात्र तो कावळा कुठे बसतो, त्याला काही होतं का, ते बघत राहिल्या.

पुढे तपासणी झाली. तांदूळ निर्धोक निघाला. मला ते सांगितलं त्या दिवशी बाई जेवल्या नाहीत.

मग वर्षानुवर्षं त्या कांड्या पुढे पुढे सरकवत राहिल्या. पावसात कारखान्याचं पाणी पुन्हा शिरे, बाई पुन्हा मागे येऊन सुरुवात करत. निवृत्तीनंतरही त्या जात. आता त्याही नाहीत, आणि कांड्या सरकवायला मी काही गेले नाही. एसटी त्या वळणावर आली की कुणगा दिसतो. अर्धा हिरवा, अर्धा पिवळट. खिडकीची जागा मिळाली तरी मी तेवढ्यापुरती नजर खाली घालते.