हनुवटीच्या खाली

आमच्या हॉलमध्ये आईचा जो फोटो आहे, त्यात आई फक्त हनुवटीपर्यंत आहे. त्याच्या खाली दुसरीच बाई आहे.

उगाच काहीतरी भयंकर सांगावं म्हणून हे सांगत नाही. चार घरं फिरून बघा, भिंतीवरची निम्मी माणसं अशीच असतात. आई गेली तेव्हा दहाव्याला गंगेवर, म्हणजे नदीच्या घाटावर, न्यायला फोटो हवा, आणि घरात तिचा एकटीचा एकही फोटो नाही. लग्नाकार्यात ती एक तर आत वाढप बघायची, नाहीतर ग्रुप फोटोत सगळ्यांच्या मागे उभी राहायची. आधार कार्डावरच्या फोटोबद्दल तर बोलायलाच नको, त्यात माणूस स्वतःला ओळखत नाही. शेवटी मावसबहिणीच्या लग्नातला एक सापडला. चेहरा स्वच्छ होता, आई हसत होती, पण गळ्याच्या खाली एका धिप्पाड विहीणबाईंचा खांदा आडवा आला होता. सातपूरच्या स्टुडिओवाल्याने तो पाहिला आणि म्हणाला, काळजी करू नका ताई, बॉडी लावून देतो.

त्याच्या कॉम्प्युटरमध्ये बायका तयार होत्या. साड्या नेसलेल्या, डोकं नसलेल्या. सवाष्ण गेली म्हटल्यावर त्याने हिरवी साडी निवडली, गळ्यात ठसठशीत मंगळसूत्र आणि कपाळावर रुपयाएवढं कुंकू. आई बारीक टिकली लावायची, आणि हिरव्या रंगाला तिने आयुष्यभर नाक मुरडलं. पण त्या दिवसात कोणाचं लक्ष असतं? फ्रेम मिळाली, हार घातला, गंगेवर नेली.

लक्ष गेलं ते नंतर. संध्याकाळी दिवा लावून नमस्कार करताना मी नजर कपाळावर ठेवते आणि हनुवटीपाशी थांबवते. खाली जात नाही. खालच्या बाईचे खांदे आईपेक्षा रुंद आहेत आणि उजवा जरा वर उचललेला आहे. ही कोण असेल, जिवंत असेल का, आपण कोणाच्या भिंतीवर आहोत हे तिला माहीत असेल का, हे एकदा डोक्यात शिरलं की शिरलं. अंधारात मी हॉलमधून जात नाही. आधी बटण दाबते, मग पाऊल टाकते. हसा खुशाल.

तरी इतकी वर्षं हे मी माझ्यापुरतं ठेवलं होतं. मग गेल्या श्रावणात ऑफिसातल्या एका मैत्रिणीकडे, देवळाली कॅम्पला, सत्यनारायणाला गेले. प्रसादाचा द्रोण घेऊन वळले आणि समोरच्या भिंतीवर आईची साडी दिसली. तीच हिरवी, तोच जरीकाठ, तेच मंगळसूत्र, तोच उचललेला उजवा खांदा. वर चेहरा मैत्रिणीच्या सासूबाईंचा. माझा द्रोण कलंडला, शिरा साडीवर सांडला. चक्कर आली का गं, असं मैत्रिणीने विचारलं, मी हो म्हटलं. तिला काय सांगणार होते, की तुझ्या सासूबाई आणि माझी आई एकाच बाईच्या अंगावर आहेत?

परतीच्या बसमध्ये माझ्या डोक्यात फक्त अण्णा होते. अण्णा म्हणजे माझे वडील, ऐंशीला टेकलेले. मी आणि ते, दोघंच राहतो. त्यांचाही एकट्याचा फोटो नव्हता. पुरुषांसाठी स्टुडिओवाल्याकडे काय काय आहे ते मी तेव्हाच बघून ठेवलं होतं: राखाडी सूट, नेहरू शर्ट, नाहीतर फेटा. अण्णा सातपूरच्या कारखान्यात लेथवर टर्नर होते, सूट त्यांनी जन्मात घातला नाही. मला अण्णा आख्खे हवे होते, त्यांच्या स्वतःच्या मानेसकट. आणि आत्ताच, कारण अलीकडे ते जिना उतरायचं नाव काढत नव्हते आणि जेवण निम्म्यावर आलं होतं.

पण म्हाताऱ्या माणसाचा एकट्याचा फोटो लोक कशासाठी काढतात, ते आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं. अण्णांना तर पक्कं ठाऊक. मी मोबाइल वर केला रे केला की पेपर तोंडासमोर यायचा. एकदा पेपराच्या मागूनच म्हणाले, "एवढी काय घाई झालीय तुला?" मी मोबाइल खाली ठेवला.

मग चोरून काढले. पण मोबाइल पडला अतिशहाणा. तो सुरकुत्या पुसतो, गाल गुळगुळीत करतो, आणि मागचं धूसर करायच्या नादात अण्णांचा अर्धा कान खातो. ते फोटो बघून मी अशी चिडले की विचारू नका. कोणीतरी परस्पर बनवलेला माणूस मला पुन्हा घरात नको होता.

भाच्याने कॉलेजात असताना हौसेने घेतलेला एक कॅमेरा आमच्याच कपाटात धूळ खात पडला होता. तो काढला. त्याच्याबरोबर आलेली लेन्स उन्हात ठीक होती, पण आमच्या हॉलमध्ये, ट्यूबलाइटखाली, तिला काही दिसेना. फ्लॅश मारावा तर मोतीबिंदूच्या ऑपरेशनपासून अण्णांचे डोळे लख्ख उजेडात गच्च मिटतात. फ्लॅश न मारावा, तर अण्णांची मान हल्ली हलकीशी हलते, आणि कॅमेरा उजेडासाठी थांबून राहतो तेवढ्यात चेहऱ्याला दुसरा चेहरा फुटतो. एका फोटोत अण्णा खुर्चीत होते आणि त्यांच्यातूनच निघाल्यासारखे दुसरे, पुसट अण्णा शेजारी होते. तो मी ताबडतोब पुसून टाकला.

मेन रोडकडच्या एका दुकानात गेले. मी खरेदी खात्यात नोकरी करते, रिकाम्या हाताने दुकानात जात नाही. हॉल टेपने मोजून नेला होता. दुकानदार बोलघेवडा होता, पण त्याने सांगितलं ते समजलं. लेन्सवरचा आकडा जितका लहान, तितकी तिची बाहुली मोठी उघडते आणि तितका उजेड आत येतो. माझ्या लेन्सचा आकडा साडेतीनच्या वर होता, मला एक पॉइंट आठ हवा होता. तशी झूम लेन्स काही मिळायची नाही, आणि तिच्या जवळपास जाणारी होती तिची किंमत ऐकून मी सरळ पुढचं विचारलं. उरल्या दोन. पस्तीस मिलिमीटरची आणि पन्नासची, दोन्ही बिनझूमच्या. पस्तीसच्या लेन्समध्ये लहान खोलीतही माणूस मावतो, पण ती नवी माझ्या ऐपतीबाहेर होती. जुनी एक होती, घोटीकडच्या कोणाची तरी. टॉर्च मारून बघितलं तर काचेच्या आत बारीक पांढरं जाळं धरलेलं, बुरशीचं. तिकडच्या पावसात दुसरं काय होणार? दुकानदार म्हणाला, फोटोत दिसत नाही. मी म्हटलं, मला दिसेल.

पन्नासची नवी आणि स्वस्त होती. अडचण एवढीच की माझ्या कॅमेऱ्यावर ती माणूस फार जवळ आणते, हॉलमधून नुसता चेहराच येतो. मला तरी दुसरं काय हवं होतं? स्वयंपाकघराच्या दारापर्यंत मागे सरकता येत होतं. घासाघीस केली, चालली नाही तर आठवड्यात परत घ्याल असं वदवून घेतलं, आणि पन्नासची उचलली.

अण्णांना मी तेच सांगितलं. लेन्स तपासायची आहे, खराब निघाली तर परत करायची आहे, तुम्ही नुसते बसा. माल परत करायचा म्हटल्यावर अण्णा बसले. मशीनवरून उतरलेला जॉब ज्या नजरेने बघायचे त्याच नजरेने त्यांनी लेन्स फिरवून बघितली आणि पेपर बाजूला ठेवला.

रविवारची सकाळ होती. ट्यूब बंद केली, खुर्ची गॅलरीच्या दाराशी आडवी लावली, म्हणजे उजेड एका बाजूने येईल. हाताला काम असावं म्हणून त्यांच्या मांडीवर मटाराचं ताट दिलं. पहिले फोटो फसले. बाहुली पूर्ण उघडली की एक डोळा धारदार आणि नाक धुक्यात. आकडा जरा वाढवला, दोन पॉइंट आठवर आणला, जवळच्या डोळ्यावर नेम धरला. अण्णा शेंगा सोलत होते, मान हलत होती, पण आता कॅमेरा थांबत नव्हता. एका शेंगेत अळी निघाली आणि ते वर बघून वैतागले. मी बटण दाबलं.

कॉम्प्युटरवर तो उघडला आणि खुर्ची पुढे ओढून बघत बसले. डोळ्यांखालच्या पिशव्या, दाढीचे पांढरे खुंट, लोखंडाचा कीस उडून भुवईत पडलेली जुनी खूण, सगळं जिथल्या तिथे. आनंद झाला, खोटं का बोलू? वाटलं, जिंकले.

अण्णांना बोलावलं. भिंत धरत आले, माझ्या खुर्चीमागे उभे राहिले. स्क्रीनपाशी वाकून बघत होते. मला वाटलं, आता ओळखतील हा कशाला काढला ते, आणि रागावतील.

"हां," ते म्हणाले. "हा मी आहे."

मग म्हणाले, "हिचा असा एक पण नाय ना?"

नाही, म्हणाले मी. आईबद्दल आम्ही फारसं बोलत नाही. तो फोटो त्यांना चालतो असंच मी धरून चालले होते, कारण फ्रेम आली त्या दिवसापासून त्यांनी त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता.

"स्वप्नात येते ना ती, आता त्याच साडीत येते. हिरव्या. मी विचारतो, ही कुठून आणलीस? तर बोलत नाय. बसून राहते नुसती, एक खांदा वर करून."

खांद्याचं मी त्यांना कधीच सांगितलं नव्हतं. कोणालाच सांगितलं नव्हतं. मी डोळे मिटले आणि आईचे खांदे आठवायला लागले. ओट्याशी उभी असलेली आई, पाठमोरी, केस विंचरणारी आई. पाठ आठवेना. मान आठवेना. हिरवा काठ तेवढा दिसत राहिला. ती बाई नुसती भिंतीवर नव्हती, आमच्या दोघांच्याही आत येऊन बसली होती, आणि आईला तिने बाहेर काढलं होतं.

अण्णा परत खुर्चीपाशी गेले. तिच्यावरचं मटाराचं ताट त्यांनी खाली ठेवलं, बसले, शर्टाचं वरचं बटण लावलं, परत काढलं.

"काढ अजून," म्हणाले. "नुसतं तोंड नको. खांदे घे, हात घे, पाठ घे. चालताना घे. सगळा काढून ठेव मला."

मी कॅमेरा उचलला आणि मागे सरकत गेले. स्वयंपाकघराचं दार ओलांडलं, ओटा पाठीला टेकला, तेव्हा कुठे ते पायांपर्यंत मावले. त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर उताणे ठेवले होते. नेम मला धरता येईना, डोळ्यांतलं पाणी थांबत नव्हतं. फोकस कॅमेऱ्याने आपला आपणच केला. मी बटण दाबत राहिले, आणि अण्णा, मी सांगायच्या आधीच, हळूहळू माझ्याकडे पाठ करून बसले.