थांबाबाईंची लेन्स आणि निळा कागद

नाटकाच्या दुनियेत आईबापांनी ठेवलेलं नाव फार दिवस टिकत नाही. आमच्याकडे पडदा ओढणाऱ्याला सगळे घाई म्हणत, कारण तो हमखास एक वाक्य आधी पडदा पाडायचा. मला राजे म्हणत, कारण मी उभं आयुष्य मुकुट घालून मेलो, बहुतेक दुसऱ्या अंकात आणि बहुतेक विषाने. आणि आमचे फोटो काढणाऱ्या होत्या थांबाबाई.

हे नाव त्यांना उलट्या कारणाने पडलं. इतर फोटोवाले तालमीत घुसून ‘जरा थांबा, इकडे बघा’ करत. या बाई शेवटच्या रांगेमागच्या खांबाला टेकून उभ्या राहत, आणि कुणी नट त्यांच्याकडे बघून छाती काढून उभा राहिला की कॅमेरा खाली करून म्हणत, “थांबा म्हटलंय का मी? चालू द्या तुमचं.”

त्यांच्या फोटोत आम्ही होतो त्यापेक्षा बरे नट दिसायचो. माझा एक फोटो आहे, हातात विषाचा पेला आणि चेहऱ्यावर असा भाव, की या माणसाला सगळं कळून चुकलंय. खरं सांगायचं तर मी पुढचं वाक्य आठवत होतो. पण फोटो बघून लोकांनी माझ्या अभिनयाची तारीफ केली आणि मीही कुणाला अडवलं नाही.

आमच्या नाट्यगृहाची एक रीत होती, अजूनही आहे. नवं नाटक लागलं की पहिल्या प्रयोगाच्या आधी दर्शनी दालनातल्या भिंतीवर नटांच्या फोटोंची रांग लागते. मध्यंतरात लोक चहाचे कप घेऊन त्या भिंतीसमोर उभे राहतात आणि भांडतात, तो नोकर झालेला म्हणजे हाच की तो. ती भिंत कित्येक वर्षं थांबाबाईंची होती.

हे सगळे फोटो एकाच लेन्सने काढलेले. लांबुळकी, धातूची, हातात घेतली तर मनगट दुखावं अशी जड. आम्ही तिला बाटली म्हणायचो. बाईंचे यजमान आमचे प्रकाशयोजनाकार. उजेड ते टाकत आणि बाई तो उचलत, असा त्यांचा संसार. एकदा दिव्यांच्या शिडीवरून त्यांच्याच हातून बाटली खाली पडली, तिच्या काठाला पोचा आला, काचेला काही झालं नाही. यजमान गेल्यावर बाई बोलता बोलता त्या पोच्यावरून अंगठा फिरवत.

मग कॅमेराच मेला. कॅमेऱ्याच्या पोटातही फोटोपुरता उघडून मिटणारा पडदा असतो, हे मला तेव्हा कळलं. तो पडदा फाटला. दुरुस्तीवाल्याने कॅमेरा उघडला, बघितला आणि एखाद्या पेशंटच्या नातेवाइकांशी बोलावं तसा म्हणाला, “याचे पार्ट बनवणारेच आता उरले नाहीत.” बाईंनी बाटली लोकरी मफलरमध्ये गुंडाळून कपाटात ठेवली. तालमीला मात्र येत राहिल्या. खांबापाशी उभ्या राहायच्या, आणि हातांचं काय करावं हे न कळणाऱ्या नवख्या नटासारखे हात कधी पुढे बांधायच्या, कधी मागे.

आता बाईंच्या सुनेची ओळख करून देतो. माझ्या तोंडात जे दात आहेत ते तिचे. म्हणजे तिने बनवलेले. घराच्या पुढच्या खोलीत ती कवळ्या करते, टेबलावर ओळीने प्लास्टरचे जबडे मांडलेले असतात. पहिल्यांदा जाणारा माणूस दचकतो. मी तर नाटकातला, मला ते प्रेक्षक वाटले. दातांचा रंग जुळवायला तिला फोटो काढावे लागतात. ज्या डॉक्टरांसाठी ती काम करते त्यांनी नवा कॅमेरा घेतला आणि जुना हिला देऊन टाकला. तो तिने सासूबाईंपुढे ठेवला.

“आई, बाटली लावा याला.”

“कशी लावू? ही एका कंपनीची, तो दुसरीचा. याचं तोंडच वेगळं.”

“माझ्याकडे रोज वेगळीच तोंडं येतात,” सून म्हणाली. तिने एक रिंग मागवली. अडॅप्टर म्हणतात तिला. काळी, बांगडीएवढी, एका बाजूने जुनी लेन्स धरते आणि दुसऱ्या बाजूने नव्या कॅमेऱ्यात बसते.

बाटली बसली, पण कॅमेरा काही फोटो काढेना. त्याच्या मागच्या स्क्रीनवर अक्षरं आली, लेन्स लावलेली नाही.

“एवढं धूड त्याच्या नाकावर बसलंय आणि म्हणतो कुणी आलंच नाही,” बाई म्हणाल्या. “नाक मुरडणारे जावई असेच असतात.”

“तुम्हाला जावई नाही, आई.”

“म्हणून तर मोकळेपणाने बोलतेय.”

जुन्या लेन्सची आणि नव्या कॅमेऱ्याची आपसात बोलाचाली नसते, एवढाच तो प्रकार. सुनेने कॅमेऱ्यात एक सेटिंग बदललं, लेन्स ओळखू येवो न येवो, तू आपला फोटो काढ. मग बाईंनी टेबलावरच्या कपाचा फोटो काढला, प्लास्टरच्या जबड्याचा काढला, हसणाऱ्या सुनेचा काढला. सगळं लख्ख. बाईंनी त्याच दुपारी नाट्यगृह गाठलं.

मॅनेजर नवा असला तरी सभ्य माणूस. म्हणाला, “ताई, भिंतीचं काम मी एका फ्लॅशवाल्याला सांगितलंय. पण तुम्ही तालीम टिपा. फोटो जमले तर भिंत तुमची. नाही जमले तर मात्र मला पुन्हा विचारू नका, नाही म्हणताना मलाच वाईट वाटेल.”

नाटक एका घरातलं होतं. डावीकडे दारात उभा मिशाळ म्हातारा, उजवीकडे आरामखुर्चीत त्याची बहीण. बाई आपल्या खांबापाशी उभ्या राहिल्या. तालीम संपल्यावर मॅनेजरने फोटो मोठे करून पाहिले आणि पाणी मागवलं. बाईंसाठी. म्हातारा कसाबसा ओळखू येत होता, बहिणीचा चेहरा मात्र साबणाच्या पाण्यात बुडवून काढल्यासारखा.

“रंगीत तालीम अजून व्हायचीय,” एवढंच तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मी सुनेकडे गेलो होतो, ते माझ्या कामासाठी. कवळी एका बाजूला टोचत होती. बाई खिडकीपाशी बसलेल्या, कॅमेरा मांडीवर, बाटली काढून मफलरमध्ये.

“राजे, माझे डोळे गेले,” त्या म्हणाल्या. “लेन्स तीच आहे. कॅमेरा सुनेच्या हातात उत्तम चालतो. उरलं कोण?”

“चष्म्याचा नंबर वाढला असेल.”

“नंबर वाढला तर वर्तमानपत्र दिसत नाही. मला चाळीस वर्षं जे दिसत होतं तेच दिसेनासं झालंय. डॉक्टरांचा कॅमेरा परत करून टाकू या.”

मी तोंड उघडलं तेवढ्यात सुनेने त्यात निळा कागद सरकवला. पातळ, शाई लावलेला. “चावा. आता बाजूला घासा.” कवळी बाहेर काढून तिने मला दाखवली. एका दाढेवर गडद निळा ठिपका, बाकी दात पांढरे. “बघा, सगळा भार ही एकटीच घेतेय. म्हणून कवळी तिरकी होते आणि पलीकडे टोचते.” बारीक फिरत्या दगडाने तिने ठिपका घासला. पुन्हा कागद, पुन्हा चावा, पुन्हा दगड. असं करत निळे ठिपके दोन्हीकडे सारखे उमटले तेव्हा तिने कवळी धुऊन मला दिली.

मी तोंड चालवून बघत होतो आणि ती दगड हातात धरून तशीच उभी होती.

“आई, ते फोटो दाखवा जरा.”

“काय बघायचंय त्यात? धुकं?”

“दाखवा तर.” तिने एकेक फोटो मोठा केला. “दारातले काका प्रत्येक फोटोत थोडे तरी बरे आहेत. खुर्चीतल्या बाई प्रत्येक फोटोत गेलेल्या.”

“त्या हलल्या असतील.”

“पूर्ण तालीमभर खुर्चीत बसून कोण हलतं? डोळे गेले तर सगळंच धूसर दिसेल. तुमचा डोळा उजव्याच बाजूला बघताना कसा जाईल?”

बाईंनी मफलर सोडून बाटली बाहेर काढली.

सुनेने निळा कागद बाटलीच्या बुडाच्या कडेवर घासून कड निळी केली, बाटली रिंगमध्ये घट्ट फिरवून बसवली आणि परत काढली. रिंगवर गोल निळी रेघ उमटायला हवी होती. उमटला एकच ठिपका. तिथे बोट फिरवल्यावर लागणारही नाही इतकं धातूचं टेंगूळ होतं आणि वर रंगाचा थर. बाटली त्या टेंगळावर रेलून बसत होती, जरा तिरकी आणि जरा पुढे. जवळचा कप त्यात खपून गेला. लांबचा रंगमंच खपला नाही, आणि तिरकेपणाचा भुर्दंड उजवीकडच्या खुर्चीने भरला.

“राजे, हिची पण दाढ लागतेय,” सून म्हणाली.

मग त्या दोघींनी मला विसरून काम केलं. सुनेने दगड टेकवायचा, बाईंनी धूळ फुंकायची. पुन्हा निळी कड, पुन्हा फिरवणं.

“फार नको गं घासू.”

“आई, मी दातांतली आहे, दगडफोडीतली नाही.”

शेवटी रिंगवर पूर्ण निळं वर्तुळ उमटलं. बाईंनी रिंग पुसली, बाटली लावली, कॅमेरा खिडकीबाहेर धरला. पलीकडच्या इमारतीच्या गच्चीवर दोरीला कपडे वाळत होते. बाईंनी हाताने बाटलीचं फोकसचं कडं फिरवत फिरवत टिपलं, फोटो मोठा केला आणि आमच्यापुढे धरला. दोरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत प्रत्येक चिमटा मोजता येत होता.

बाई स्वतः पुन्हा एकदा चिमटे मोजू लागल्या. अंगठा त्या पोच्यावर होता.

रंगीत तालमीला मी मुद्दाम गेलो आणि नाटकापेक्षा खांबाकडेच जास्त बघत बसलो. अंक संपताना बहीण खुर्चीतून अर्धी उठते आणि परत बसते, तेवढीच हालचाल. त्या अर्ध्या उठण्याच्या आधी, नटी श्वास घेते न घेते तोच, मला खांबापाशी बारीक ‘टक’ ऐकू आलं. चाळीस वर्षं मी तो आवाज कानावर घेत काम केलंय. बाई क्षण चुकल्या नव्हत्या. आता प्रश्न एवढाच होता की काचेने साथ दिली का.

तालीम संपली. मॅनेजरने फोटो मोठा केला. खुर्चीतली बहीण, उठू की नको हे डोळ्यांत. मग त्याने फोटो सरकवला, दारातल्या म्हाताऱ्यावर आला आणि ओरडला, “रंगभूषेवाले कुठेत? काकांची मिशी डावीकडून सुटलीय.”

रंगभूषाकार धावत आला. म्हणाला, “शेवटच्या रांगेतून काय दिसणार?”

“ताईंना दिसतंय,” मॅनेजर म्हणाला, आणि तिथल्या तिथे फ्लॅशवाल्याला फोन लावून त्याची क्षमा मागू लागला.

काका मिशी चाचपत बाईंकडे आले. “हा फोटो भिंतीवर नका लावू.”

“चिकटवून या,” बाई म्हणाल्या. “तुमचं वाक्य पुन्हा म्हणा, मी पुन्हा काढते.”

काका दारात जाऊन छाती काढून उभे राहिले, नाक वर, नजर सरळ कॅमेऱ्यात. बाईंनी कॅमेरा खाली केला. आम्ही जुनी मंडळी एकमेकांकडे बघून हसलो, कारण पुढचं वाक्य आम्हाला पाठ होतं.

पहिल्या प्रयोगाच्या आधीच भिंतीसमोर ही गर्दी. सासूबाईंच्या शेजारी उभं राहून सून एकेक फोटो फार बारकाईने बघत होती. मला वाटलं, हिला आता कलेची गोडी लागली. ती नायकाच्या हसऱ्या फोटोपाशी थांबली आणि चांगल्या मोठ्या आवाजात म्हणाली, “आई, याचा वरचा सुळा खोटा आहे. पण ज्याने बसवलाय त्याने झकास बसवलाय.”

नायक पाठीमागेच उभा होता. पुढचे तीनही अंक तो ओठ मिटून हसला.