हाक कोणी मारली?

आमच्या ह्यांना, भिकाजींना, पावस गावच्या बागांत सगळे ओळखायचे. चाळीस वर्षं कलमांवर चढून आंबे उतरवले, एकदाही पडले नाहीत. त्यांचा नियमच होता, झाडावरच्या माणसाला खालून हाक मारायची नाही. कोणी मारलीच, तर हे आधी दोन्ही पाय घट्ट रोवायचे, फांदी धरायचे आणि मग 'ओ' द्यायचे. एकदा झाडावर चढलेल्या बाबल्या गड्याला कोणीतरी चहाला हाक मारली. तो वळून बघायला गेला आणि धपकन खाली आला. हात मोडला बिचाऱ्याचा. तेव्हा ह्यांनी सगळ्या गड्यांना उभं करून विचारलं होतं, "हाक कोणी मारली?"

२००३ साली ह्यांचं विसरणं सुरू झालं. चष्मा तांदळाच्या डब्यात, मुलाचं नाव ओठांवर येईना. रत्नागिरीचे डॉक्टर म्हणाले, ह्यांना बोलतं ठेवा. मग काय, मी हात धुऊन मागेच लागले. उद्या हे मलाच विसरले तर?

आमच्याकडे प्रत्येक कलमाला नाव असतं. रोज सकाळी बागेत नेऊन विचारायची, "हे कुठलं हो?" हे जागीच थांबायचे, मग सांगायचे, "विहिरीवरचा." दोन पावलं चालायचे. पुन्हा विचारलं की पुन्हा थांबायचे. शेवटी, चिऱ्याच्या पायऱ्यांपाशी, आमच्या लग्नाच्या वर्षी लावलेलं कलम होतं. त्याला माझं नाव. ते ऐकलं की माझा दिवस बरा जायचा.

त्या दिवशी घरी भात चुलीवर होता. मी पायऱ्या उतरून खाली पोचले, हे अजून मध्येच. मी खालून ओरडले, "अहो, ते कलम कुठलं?" हे थांबले. माझं डोकंच फिरलं. "काय मेलं दर वेळी थांबायचं! चालता चालता सांगा की!"

आणि ऐकलं हो माझं. जन्मात कधी ऐकलं नाही, त्या दिवशी ऐकलं. पाय उचलला, "सगुणेचा" म्हणाले आणि तोल गेला.

खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण पुन्हा पायांवर उभे राहिले नाहीत. डॉक्टर म्हणाले, अशा माणसाला चालणं आणि आठवणं एकदम झेपत नाही, थांबत होते तेच बरं होतं. हे मला डॉक्टरांनी सांगायला हवं होतं? चाळीस वर्षं डोळ्यांनी बघत होते ना मी!

महिन्याभरात मला ओळखेनासे झाले. पण रोज चहा पाजताना विचारायचे, "मी पडलो तेव्हा हाक कोणी मारली?" आधी मी कपच पुढे करायची. मग एकदा राहवलं नाही. म्हटलं, "मी मारली हो. माझं चुकलं." आणि ढसाढसा रडले.

हे माझ्या हातावर थोपटत म्हणाले, "रडू नको गो. बागेत नवीन आहेस ना? कळेल हळूहळू."

दुसऱ्या दिवशी चहा घेऊन गेले, तर पुन्हा तेच विचारलं.