हनुवटीखालचा हात

हनुवटीखाली तळहात धरून भाची खिडकीत बसली होती. "वॉ-टर-मे-लन. चार!" इंग्रजी शब्दातले सिलॅबल म्हणे असेच मोजायचे. शब्द उच्चारताना हनुवटी जितक्यांदा हाताला टेकेल, तितके. मग ती स्वतःशीच पुटपुटत राहिली. शब्द मला ऐकू येईनात. नुसती हनुवटी हलताना दिसत होती, संथ पाण्यावरच्या पानासारखी.

शब्दांना असा भार असतो, कुणाच्या तरी तळहातावर अलगद उतरणारा, हे मी विसरूनच गेले होते. लहानपणी आई डाव्या हाताने माझी हनुवटी धरून भांग पाडायची आणि माझी बडबड काही थांबायची नाही. "गप्प बस गं, भांग वाकडा होतोय," ती म्हणायची. शाळेतली भांडणं, मैत्रिणींची गुपितं, सगळं आधी तिच्या तळहाताला कळत असणार. तिनं ते कधी मोजलं मात्र नाही.

"मावशी, आता तू. अम्ब्रेला म्हण."

मी हनुवटीखाली हात धरला. पण हात टेकला मात्र, आणि मान आपोआप ताठ झाली. डोळे मिटून मी गप्प बसून राहिले, केसांत कंगवा टेकायची वाट बघत.