जाड मुठीचा ब्रश

दूध उतू जायच्या बेतात होतं, नवऱ्याला एक मोजा सापडत नव्हता, लेकीची वेणी अर्धी राहिली होती, आणि नेमकी तेव्हाच दारावर टकटक झाली. सुनेने एका हाताने गॅस बारीक केला, दुसऱ्या हातातला कंगवा केसांतच अडकवून ठेवला आणि दार उघडलं. कोपऱ्यावरचा सलूनवाला उभा होता. सासऱ्यांना अर्धांगवायूचा झटका येऊन गेल्यापासून तो दुकान उघडायच्या आधी रोज घरी यायचा आणि त्यांची दाढी करून जायचा.

आज मात्र सासरे खुर्चीत ताठ बसले होते. गळ्याला टॉवेल गुंडाळलेला नव्हता.

"आजपासून नको," ते म्हणाले. शब्द अजून थोडे जड पडत होते. "माझी मी करीन."

सलूनवाल्याचा चेहरा पडला. "कुठे कापलं का काका?"

"तुझा हात लोण्यासारखा आहे रे. पण तोंड माझं आहे."

मोजा सापडलेला मुलगा बाहेर आला. "बाबा, उजव्या हातात धड चमचा राहत नाही तुमच्या! ते बॅटरीचं मशीन आणलंय ना? फिरवलं की झालं."

"मशीनने गवत कापतात," सासरे म्हणाले.

सुनेला हसू आलं, पण तिने ते गिळलं. मागच्या आठवड्यात न्हाणीघराच्या बंद दारामागून 'टप्' असा आवाज तिने दोनतीनदा ऐकला होता. आत सासरे जुना ब्रश उजव्या हातात धरून बघत होते आणि प्लास्टिकची ती सडपातळ मूठ दर वेळी बोटांतून निसटून बेसिनमध्ये पडत होती. बाहेर आल्यावर त्यांनी ओला ब्रश खिशात लपवला होता.

दाढी म्हणजे त्यांच्यासाठी नटणं-मुरडणं कधीच नव्हतं. जन्म अग्निशमन दलात गेला. धुरात शिरताना चेहऱ्यावर चढवायचा मुखवटा गालाला घट्ट बसावा लागतो. मध्ये खुंट राहिले तर तेवढ्या फटीतून विषारी धूर आत शिरतो. म्हणून नव्या भरतीच्या पोरांना ते रोज रांगेत उभं करत आणि प्रत्येकाच्या गालावरून कापसाचा बोळा फिरवत. एक तंतू जरी अडकला तरी "जा, परत घोटून ये!" पोरं पाठीमागे त्यांना 'कापूसमास्तर' म्हणायची. तीच पोरं पुढे पोराबाळांची झाली, आणि आजही रस्त्यात भेटली की आधी स्वतःच्या हनुवटीवरून हात फिरवतात आणि मग नमस्कार करतात.

एकदा रंगांच्या गोदामाला आग लागली. आत अडकलेल्या दोघांना काढून ते बाहेर आले. मुखवटा उतरवला, तेव्हा कपाळापासून कानाखालपर्यंत काजळीची रेघ होती आणि रेघेच्या आत धुतल्यासारखा स्वच्छ चेहरा. सासूबाई होत्या तोवर सांगायच्या, "त्या रेघेवर मी संसार केला."

असा माणूस रोज सकाळी मान वर करून दुसऱ्याच्या हाती गाल देत होता.

सलूनवाला स्टूल ओढून त्यांच्यासमोर बसला. "काका, रेझर डाव्या हाताने जमेल. मी शिकवतो. पण ब्रश उजव्याच हातात घ्या, त्याला काम मिळाल्याशिवाय तो जागा व्हायचा नाही. फेस नीट मुरला नाही तर पातं ओढतं आणि मग कापतं. नवीन ब्रश घ्या. मूठ पारखून घ्या."

"एकदाच," मुलाने बजावलं. "रक्त दिसलं की दुसऱ्या दिवसापासून मशीन."

"कबूल," सासरे म्हणाले.

दुपारी सून त्यांना हळूहळू चालवत बाजारातल्या दुकानात घेऊन गेली. दुकानदाराने मखमली डबीतून एक देखणा ब्रश काढला. काळीभोर चकचकीत मूठ, वर रेशमासारखे केस. तिने तो मनगटावरून फिरवला. मांजराची शेपटीच! किंमत ऐकून मात्र तिने तो निखारा ठेवावा तसा काचेवर ठेवला.

"थोडं पाणी द्या," सासरे म्हणाले.

"पाणी? पिण्यासाठी?"

"ब्रशासाठी."

"अहो काका, ओला केलेला माल मग कोण घेणार?"

"आणि कोरड्या ब्रशाने दाढी कोण करतं?"

दुकानदार कुरकुरत पेला घेऊन आला. सासऱ्यांनी आधी उजव्या हाताची बोटं ओली केली आणि तो महागडा ब्रश मुठीला धरला. मासळी सुटावी तसा तो सटकला. सुनेने खाली वाकून झेलला म्हणून, नाहीतर सगळं महागात पडलं असतं.

"तो कोणता?" त्यांनी मागच्या बरणीकडे बोट दाखवलं.

"तो? साधा आहे हो, स्वस्तातला. केस राठ. सुरुवातीला दोनचार गळतातही."

"गळू देत. माझेही गळलेत."

लाकडाची मूठ होती, भोवऱ्यासारखी फुगीर, मध्ये कंबर बारीक. त्यांनी केस तळव्यावर दाबले आणि सोडले. ते लगेच ताठ उभे राहिले. ओढून पाहिले, दोनच केस हातात आले. मग ओली बोटं मुठीभोवती मिटली. इतके दिवस काडीसारखी बाहेर राहणारी करंगळी सावकाश वळली आणि त्या बारीक कंबरेला जाऊन टेकली. सुनेने ते पाहिलं आणि पर्समध्ये काहीतरी शोधत असल्यासारखी मान खाली घातली.

"हाच," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सलूनवाला आलाच, मोकळ्या हातांनी. न्हाणीघरात सासरे भिंतीवरच्या आरशासमोर स्टुलावर बसले, ब्रश गरम पाण्यात भिजत होता. दारात सगळं घर गोळा झालेलं. पहिल्यांदा फेस पाणचट आला. सलूनवाल्याने तोंड उघडलं, तशी सुनेने डोळे वटारले आणि त्याने ते मिटलं. ब्रश गालावर वेडावाकडा फिरत राहिला, थांबला, पुन्हा फिरला. चहा गार झाला, मुलाला कामावर जायला उशीर होत होता, पण हललं कुणी नाही. हळूहळू फेस दाटला. मग डाव्या हाताने त्यांनी रेझर उचलला. एक गाल झाला. दुसराही झाला. ओठांवरही निभावलं. लेकीने टाळी वाजवली तर आजोबांनी भुवई उंचावून तिला दटावलं.

आता फक्त हनुवटीखाली फेसाचा पट्टा उरला होता. सासऱ्यांनी मान ताणली, अजून ताणली आणि रेझर खाली घेतला. रक्त कुठेही नव्हतं. मुलाने हातात तयार ठेवलेलं मशीन गुपचूप खणात टाकलं आणि तो पुढे झाला.

"तेवढं मी करून देऊ बाबा?"

"नको," सासरे म्हणाले. "हा आरसा जरा खाली लाव. बसून मला हनुवटी दिसत नाही."