पिंजरे काढलेली शेड

स्कोफिल्ड्सच्या घरून गाडी काढली तेव्हाच मला हसू आवरत नव्हतं. युनीतली (विद्यापीठातली) माझी रूममेट केतकी, झुरळ दिसलं की पलंगावर चढणारी, ती आता अंड्यांच्या फार्मवर शेड मॅनेजर! मालकाच्या, म्हणजे ग्रॅहमच्या मागे लागून तिने एका शेडमधले पिंजरे काढायला लावले होते. नव्या कोंबड्या परवाच तिथे मोकळ्या सोडल्या होत्या.

आर्वोला (दुपारी) पोहोचले. फार्मचे ओव्हरऑल, फार्मचेच बूट, जंतुनाशकात पाय बुडवणं. मग केतकीने शेडच्या दारावर चक्क टकटक केली.

"कोंबड्यांना विचारून आत जायचं?"

"अगं, त्या दचकतात. मग कोपऱ्यात एकमेकींवर चढतात आणि खालच्या गुदमरतात. पहिल्याच आठवड्यात तसं झालं तर ग्रॅहम पिंजरे परत आणेल."

आत छपराखाली तपकिरी गलबलाट! कुणी दांडीवर तोल सावरतंय, कुणी अंडी घालायच्या पेटीसाठी भांडतंय. एक तर माझ्या बुटावरच बसली. मी खिदळले, नाकात धूळ गेली, आणि जी सणसणीत शिंक आली!

सगळा कळप कोपऱ्याकडे उसळला.

"पळू नकोस! हळूहळू वरच्या उचल!" केतकीचा चेहरा पांढराफटक.

आम्ही गुडघ्यांवर बसून कोंबड्या उचलायला लागलो. "सरका गं बायांनो, सरका!" माझ्या काखेत त्यांची काळजं धडधडत होती. शेजारी आणखी दोन हात आले. ग्रॅहम! तोही वरच्या उचलत होता.

तळाशी एक निपचित पडलेली. केतकीने तिला छातीशी धरलं. क्षणभर काहीच नाही. मग कोंबडीने अंग झाडलं, केतकीच्या ओव्हरऑलवर शिटली आणि ऐटीत निघून गेली. आम्ही भुशात पडून पोट धरून हसलो.

ग्रॅहम मात्र त्या कोंबडीकडेच बघत होता. ती भुशात लोळत, पंख फुलवून धूळ उडवत होती.

"या शेडमध्ये असं कधी पाहिलं नव्हतं," तो इंग्रजीत पुटपुटला. मग केतकीला म्हणाला, "पुढच्या शेडमधले पिंजरे कधी काढायचे, मेट?"

केतकीने किंचाळायला तोंड उघडलं आणि कोंबड्यांकडे बघून दोन्ही हातांनी दाबून धरलं.

परतताना वासामुळे गाडीच्या काचा उघड्या ठेवल्या आणि सिग्नलला एकटीच हसत बसले. दारात लेक ओरडली, "मम्मा, यू स्टिंक!"

ऑफिसात मी दिवसभर लोकांना काय आवडेल याचे अंदाज बांधते. त्या भुशात लोळणाऱ्या कोंबडीकडे बघताना, तिला काय आवडतं याच्या अंदाजाची गरजच पडली नाही.