टाइल्सवर शिकलेलं पाऊल

"एवढी मोठी आणि व्हाइट बेल्ट? नापास झाली असेल गं."

बाकावर बसलेल्या दोघींपैकी एक दुसरीला म्हणाली. मुलांना कराटेला आणतात आणि क्लास सुटेपर्यंत तिथेच बसतात. मी ऐकलं आणि बेल्टची गाठ सोडून पुन्हा बांधली. गाठ ठीकच होती.

माझा ब्राऊन बेल्ट बॅगेत होता. शाळेत असताना, मुलुंडलाच, आमच्या सोसायटीच्या हॉलमधल्या क्लासात मिळवलेला. मग कॉलेज, नोकरी, आणि मधे कराटे नाहीच. आता ब्लॅक बेल्टची परीक्षा द्यायची म्हणून या नव्या क्लासला आले, तर पहिल्याच संध्याकाळी सरांनी माझं उभं राहणं बघितलं आणि विचारलं, "टाइल्सवर शिकलीस का?"

मला वाटलं, चेष्टा करतायत. पण खरंच होतं. सोसायटीच्या हॉलमध्ये गुळगुळीत टाइल्स होत्या. पाय लांब टाकला की घसरायचा, म्हणून आम्ही सगळेच आखूड पाऊल टाकायचो आणि तोल सावरायला पुढचा गुडघा आत वळवायचो. तेच अंगात बसलं. इथे खाली रबरी मॅट आहे, तरी माझा पाय जपूनच पडतो.

"असाच गुडघा वळवत राहिलीस तर त्याची वाट लागेल," सर म्हणाले. "परीक्षेचं नंतर बघू. आधी उभं राहायला शीक." आणि मला पांढरा बेल्ट बांधायला लावून मागच्या रांगेत, पांढऱ्या बेल्टवाल्या मुलांमध्ये पाठवलं.

तिथे फक्त उभं राहायचं आणि पाऊल टाकायचं. सर 'उजवा' म्हणाले की मी मनात 'राइट' म्हणते, मग पाय हलतो. तोवर शेजारची दुसरीतली मुलगी पुढे गेलेली असते. एकदा ती कुजबुजली, "ताई, गुडघा बाहेर घे ना. सर बघतायत."

घरी मी यातलं काही सांगितलं नाही. क्लास सोडून द्यावा असंही मनात येऊन गेलं. पण जिना उतरताना गुडघा दुखायचा, ते हळूहळू कमी होत होतं.

काल सर रांगेतून फिरताना माझ्यापाशी थांबले. माझा उजवा पाय पुढे होता. त्यांनी तळहाताने गुडघा बाजूने दाबून पाहिला. हलला नाही.

"झकास! काढ तुझा बेल्ट बॅगेतून. पुढे उभी राहा."

बाकावरच्या गप्पा थांबल्या. मी बॅगेकडे पाहिलं. डावा पाय पुढे घेतला की गुडघा अजून आत जातो, हे मला माहीत होतं. सरांनी उजवाच पाहिला होता. एरवी मी नुसती मान हलवून पुढे गेले असते.

"सर, डावा अजून चुकतो," मी म्हणाले, बाकापर्यंत जाईल एवढ्या आवाजात. "मी इथेच थांबते."